रात्री अकराला हात लावून पाहावी अशी भिंत : थर्माकोल-काँक्रीटच्या घरातले दोन उन्हाळे

अकोल्याचा उन्हाळा म्हणजे दुपारचा त्रास, असं बाहेरगावच्या माणसाला वाटतं. दुपारचं आम्हाला एवढं काही वाटत नाही. दारं-खिडक्या लावायच्या, कूलरपुढे बसायचं, वेळ निघून जातो. जीव खातात त्या रात्री. आमच्या जुन्या घराची पश्चिमेची भिंत नऊ इंची विटांची, आतून-बाहेरून गिलावा केलेली, आणि तिच्याला लागून आईचा पलंग. मे महिन्यात रात्री अकरा वाजता त्या भिंतीवर तळहात ठेवला, की तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवल्यासारखा वाटायचा. बाहेर वारा सुटलेला असायचा, अंगणातली फरशी निवलेली असायची, आणि भिंत मात्र दुपारचं ऊन आत ओतत असायची.

यात भिंतीचा दोष नाही. विटा ऊन साठवतात आणि सहा ते आठ तासांनी आत सोडतात. दुपारी चार वाजता पश्चिमेकडून भाजून निघालेली भिंत रात्री अकरा-बाराला आतून सगळ्यात गरम असते. मी शाळेत विज्ञान शिकवते. उष्णतेचं वहन पाचवीपासून दहावीपर्यंत इतक्या वेळा फळ्यावर काढलंय, पण ते आईच्या पाठीला लागतंय हे लक्षात यायला २०२१ सालचा मे महिना उजाडावा लागला. आई तेव्हा ८१ वर्षांची. नवतप्यातल्या एका पहाटे ती उठेना, जीभ कोरडी पडलेली, बोलणं असंबद्ध. दोन सलाइन लागली, दोन दिवसांनी घरी आली. डॉक्टरांनी विचारलं, "रात्री झोपतात ती खोली कशी आहे?" त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हे नवं घर.

घर २०२२च्या दिवाळीनंतर सुरू केलं, २०२३च्या मार्चअखेर भिंती पूर्ण झाल्या आणि पुढच्या डिसेंबरात राहायला आलो. आता दोन पूर्ण उन्हाळे आणि दोन पावसाळे पाहून झाले, म्हणून लिहायला बसले. पॅनेल पुरवणाऱ्या आणि भिंती फवारणाऱ्या मंडळींचं नाव लिहिणार नाही. त्यांच्याशी माझा वाद झाला होता, तो पुढे येईलच, आणि हे परीक्षण एका दुकानाचं नसून भिंत बांधायच्या पद्धतीचं आहे.

ही पद्धत मला कळली ती मावसभावामुळे. तो कॅनडात कॅल्गरीला असतो, तिथे हिवाळ्यात पारा उणे ३० पर्यंत उतरतो. त्याच्या घराच्या भिंती फोमच्या पोकळ ठोकळ्यांच्या आहेत. ठोकळे एकावर एक रचायचे, मधल्या पोकळीत सळ्या उभ्या करायच्या आणि वरून काँक्रीट ओतायचं. दोन्ही बाजूंचा फोम नंतर काढायचा नाही, तोच भिंतीचा अंगरखा. हा प्रकार १९६०च्या दशकात कॅनडातच पुढे आला. भाऊ फोनवर म्हणाला, "आमच्याकडे ऊब आत ठेवायची, तुमच्याकडे ती बाहेर ठेवायची. भिंतीला काय फरक पडतो?" मी वहीत दोन्ही बाण काढून पाहिले. खरंच काही फरक पडत नव्हता.

आपल्याकडे ते ठोकळे मला सहजी मिळाले नाहीत. मिळाली ती त्याच कुळातली, पण उलटी भिंत : मधे फोम आणि दोन्ही बाजूंना काँक्रीट. मधला गाभा ज्याला आपण थर्माकोल म्हणतो त्या ईपीएसचा, आमच्या घरात ८० मिलिमीटर जाड. त्याच्या दोन्ही अंगांना जस्त चढवलेल्या तारेची वेल्ड केलेली जाळी, आणि दोन्ही जाळ्यांना जोडणाऱ्या तारा फोममधून आरपार गेलेल्या. पॅनेल चार फूट रुंद, दहा फूट उंच, आणि वजन इतकं कमी की दोन पोरं एकेका हातात धरून जिना चढतात. पॅनेल उभं करायचं, मग दोन्ही बाजूंनी सिमेंट-वाळूचं मिश्रण कंप्रेसरने फवारायचं, प्रत्येक बाजूला ३५ मिलिमीटर. झाली सहा इंचांची भिंत. केंद्र सरकारच्या बीएमटीपीसी या संस्थेने अशा पॅनेल-पद्धतींना कामगिरीची प्रमाणपत्रं दिलेली आहेत. त्या प्रमाणपत्राची प्रत मी फाइलमध्ये ठेवली होती आणि गृहकर्जाच्या वेळी बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस "हे पक्कं बांधकाम धरायचं की तात्पुरतं?" म्हणून अडून बसला तेव्हा तीच कामी आली. कर्ज काढून बांधणार असाल तर ही प्रत आधीच मागून घ्या.

आमचा मिस्त्री जुना, वडिलांच्या वेळचा. त्याने पॅनेल पाहिलं, बोटाने दाबलं आणि म्हणाला, "ताई, थर्माकोलचं घर बांधता काय? वावधन आलं त उडून जाईन." शेजारच्या काकूही म्हणाल्या, "काहून पैसे वाया घालता?" मी त्यांच्यावर रागावले नाही, कारण ट्रकमधून उतरलेला तो पांढरा ढीग पाहून माझ्याही पोटात गोळा आला होता. मिस्त्रीला मी पुण्याहून आलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअर ताईंच्या शेजारी उभं केलं. जोत्याच्या बीममधून दर दीड फुटावर वर आलेल्या सळ्या तिने दाखवल्या, पॅनेल त्या सळ्यांना कसं बांधलं जातं ते दाखवलं, आणि कोपऱ्यांत जादा जाळी कशी वळवतात तेही. मिस्त्रीने एक-एक सळी हलवून पाहिली. मग जोतं आणि आतल्या विटांच्या भिंती त्यानेच बांधल्या, आणि अतिशय मन लावून बांधल्या.

आतल्या भिंती विटांच्याच ठेवल्या, हा इंजिनिअर ताईंचा सल्ला आणि या घरातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय. बाहेरच्या भिंतीने ऊन अडवायचं, आणि आतल्या विटांनी, फरशीने रात्रीचा गारवा धरून ठेवायचा. नुसतीच हलकी भिंत असती तर घर ऊन अडवतं, पण स्वयंपाक झाला, चार माणसं आली की लगेच तापतं. आत वजनदार असं काहीतरी हवं, रांजणातल्या पाण्यासारखं, जे सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. आपली जुनी माळवदाची, पांढऱ्या मातीची घरं याच गुणावर उभी होती.

आता फवारणीचे ते सहा दिवस. त्या दिवसांत मी शाळेतून रजा घेतली होती, आणि बरं झालं घेतली.

फवारणीआधी विजेच्या पाइपांची वाट करायची असते. त्यासाठी हॉट एअर गनने जाळीमागचा फोम वितळवून चर करतात. एक पोरगा गन फिरवत जातो, फोम मागे सरतो आणि त्या चरात पाइप बसतो. वास उग्र येतो, तोंडाला रुमाल बांधावा लागतो. वायर थेट फोमला कधीही लागू देऊ नका, पाइपमधूनच न्या. फोमला चिकटलेल्या वायरचं प्लॅस्टिक काही वर्षांत कडक होऊन तडकतं. दुसरी गोष्ट, सगळे बोर्ड, नळ, गिझर, बेसिन, टीव्ही, कूलरचा पॉइंट हे कागदावर आधीच पक्कं करा. नंतर जागा बदलायची म्हणजे जाळी कापायची आणि जाळी म्हणजेच भिंतीची ताकद. गिझर आणि बेसिनच्या जागी आम्ही आधीच फोम काढून तिथे भरीव काँक्रीट भरून घेतलं. जिथे नाही भरलं, त्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर आज मला भांड्यांची लोखंडी मांडणी टांगता येत नाही. ३५ मिलिमीटरच्या थरात साधी खिट्टी फोटोची चौकट धरते, पितळी डब्यांचं ओझं धरत नाही.

आगीचा प्रश्न सगळेच विचारतात. मी पॅनेलचा ओंजळभर तुकडा अंगणात काडीने पेटवून पाहिला. तो आक्रसला, वितळून थेंब झाले, काळा धूर आला, आणि काडी बाजूला घेताच ज्योत विझली. हा आग धरून न ठेवणारा, एफआर ग्रेडचा फोम. साधा पॅकिंगचा थर्माकोल असं विझत नाही. पॅनेल घेताना हा प्रयोग स्वतःच्या डोळ्यांदेखत करून घ्या. शिवाय फोम कुठेही उघडा राहता कामा नये. दोन्हीकडून काँक्रीटने झाकलेला असतो तोवरच तो घरात ठेवण्याजोगा आहे.

चौथ्या दिवशी घोळ झाला. स्वयंपाकघराची मागची भिंत राहिली होती, दुपारी कंप्रेसर बंद पडला. कालवलेलं मिश्रण वाया जाऊ नये म्हणून त्यांच्या माणसांनी ते थापीने हातानेच लावायला घेतलं. संध्याकाळी मी गेले तेव्हा भिंत दिसायला गुळगुळीत, पण तिरप्या उन्हात जाळीच्या चौकटींची पुसट नक्षी वर उमटलेली. इंजिनिअर ताईंनी मला एक युक्ती शिकवली होती : लांब खिळ्यावर टोकापासून ३५ मिलिमीटरवर मार्करने खूण करायची आणि थर ओला असताना खिळा टोचायचा. फोमला टेकला की हाताला लगेच कळतं, कारण खिळा पुढे मऊ जातो. खूण मिश्रणात बुडायला हवी. त्या भिंतीवर मी नऊ ठिकाणी टोचला, सहा ठिकाणी खूण बोटाच्या पेरभर बाहेर राहिली. म्हणजे थर जेमतेम २० मिलिमीटरचा.

त्यांचा सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, वरून पुट्टी मारली की झाकून जाईल." झाकून जाईल हे खरंच होतं, आणि म्हणूनच मला संताप आला. पुट्टीखाली जाळी ओल धरते, तारेच्या रेषेत तडे जातात, आणि ते कळतं पाच वर्षांनी, जेव्हा फवारणारे कुठल्या गावाला असतील देव जाणे. दोन दिवस फोनाफोनी झाली. शेवटी इंजिनिअर ताईंनी लेखी कळवलं की पुढचा हप्ता या भिंतीच्या दुरुस्तीनंतरच मिळेल, तेव्हा कंप्रेसर पुन्हा आला. भिंत घासून खरबरीत केली, पातळ सिमेंटचा हात दिला आणि दुसरा थर चढवला. तुम्ही हे घर बांधणार असाल तर पैशांचे हप्ते तारखेवर बांधू नका, तपासून झालेल्या कामावर बांधा. आणि कामावर तुमचं, तुमच्या घरचं कुणीतरी खिळा घेऊन उभं राहू द्या. इथे हयगय झाली तर चांगल्या मालाची वाईट भिंत होते.

दुसरा दोष जरा उशिरा दिसला. दोन खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपे तडे गेले, केसाएवढे. कोपऱ्यावर ४५ अंशात जादा जाळीची पट्टी लावायची असते, ती त्या दोन जागी राहून गेली होती. खरवडून, पट्टी लावून, पुन्हा भरून घेतलं. त्याचा निम्मा खर्च माझ्या माथी पडला, कारण फवारणीच्या आधी "सगळं पाहिलं" म्हणून मी सही केली होती.

क्युरिंगबद्दल, म्हणजे नव्या थराला पाणी मारत राहण्याबद्दलही सांगते. विटांची भिंत पाणी पिते आणि धरून ठेवते. इथे मागे फोम आहे, तो पाणी पीत नाही आणि थर पातळ, मार्चचं ऊन वरून. दोन तासांत भिंत पांढरी पडायची. आम्ही दोघांनी, म्हणजे यांनी आणि मी, दहा दिवस दिवसातून पाच-सहा वेळा पाणी मारलं, गोणपाट टांगले. अकोल्यात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, हे ध्यानात घेऊन टँकरची सोय आधी करा.

आता ज्यासाठी हे सगळं केलं ते. माझ्याकडे तीन थर्मामीटर आहेत : एक अंगणात निंबाच्या सावलीत, एक नव्या घरात आईच्या खोलीत, आणि एक जुन्या घरात, जिथे आता दीर राहतात, त्याच पश्चिमेच्या खोलीत. दोन्ही घरांत एसी-कूलर बंद ठेवून सलग तीन दिवस नोंदी घेतल्या. त्यातला एक दिवस सांगते, बाकीचे दोन त्याच्यासारखेच होते. अंगणात दुपारी साडेतीनला ४४. त्या वेळी जुन्या खोलीत ३९, नव्या खोलीत ३५. हा फरक चांगलाच आहे, पण रात्री अकराचे आकडे बघा. अंगणात ३२ वर उतरलं होतं. नव्या खोलीत, खिडक्या नऊला उघडल्यावर, ३२ आणि थोडं वर. जुन्या खोलीत, तशाच खिडक्या उघड्या असून, ३७. भिंतीला हात लावला तर नवी भिंत हवेइतकीच, ना गरम ना गार. जुनीच्या कपाळी तोच ताप.

पहिला उन्हाळाभर आईचा पलंग भिंतीपासून दोन वीत लांब होता. सवयीने तीच सरकवून घ्यायची. दुसऱ्या वर्षी एप्रिलात एका सकाळी खोली झाडायला गेले तर पलंग भिंतीला टेकलेला. मी काही बोलले नाही.

भिंत किती ऊन अडवते हे तांत्रिक भाषेत तिच्या यू-मूल्यावरून सांगतात. भिंतीतून किती उष्णता पलीकडे जाते त्याचं हे माप, जितकं कमी तितकं चांगलं. नऊ इंची विटांच्या गिलावा केलेल्या भिंतीचं हे मूल्य साधारण २ च्या आसपास येतं. आमच्या पॅनेलच्या भिंतीचं, आरपार गेलेल्या तारांचा तोटा धरूनसुद्धा, ०.५ च्या खाली. म्हणजे तेवढ्याच उन्हात चौथा हिस्सा उष्णता आत. शिवाय भिंत दहा इंचांऐवजी सहा इंचांची. आमच्या ३४ बाय २५ फुटांच्या घरात नुसत्या भिंती बारीक झाल्याने सुमारे ४० चौरस फूट जागा आतल्या बाजूला मिळाली. आईच्या खोलीला चिकटून संडास-बाथरूम बसलं ते त्या जागेमुळे.

पण नुसत्या भिंतीवर भरवसा ठेवून कुणी बांधणार असेल तर आधी छताचा विचार करा. एकमजली घरात सूर्य दिवसभर डोक्यावर असतो, भिंतीवर आळीपाळीने. उघड्या स्लॅबखाली कितीही भारी भिंत उभी केली तरी रात्री छत आग ओकतंच. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोची इको निवास संहिता, म्हणजे राहत्या घरांसाठीची ऊर्जाबचतीची नियमावली, २०१८ साली आली, तिच्यात छताचं यू-मूल्य १.२ च्या वर नसावं असं म्हटलंय. उघडा काँक्रीट स्लॅब त्याच्या अडीच-तीनपट भरतो. आम्ही स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, त्यावर ५० मिलिमीटरची एक्सपीएस, म्हणजे थर्माकोलपेक्षा घट्ट फोमची पाटं, त्यावर जाळीचा कोबा आणि सगळ्यात वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी केली. मे महिन्यात दुपारी दोनला त्या गच्चीवर अनवाणी उभं राहता येतं. पायाला लागतं, पण पोळत नाही. कुरड्या-पापड वाळवायला तर ती गच्ची फारच छान, तुकड्यांवर कापड अंथरलं की काम झालं.

खिडक्यांचं थोडक्यात. पश्चिमेला एकच छोटी खिडकी, तिच्यावर अडीच फुटांचा छज्जा आणि बाहेरून बांबूची चटई. मोठ्या खिडक्या उत्तर-दक्षिण. काचेतून आलेल्या उन्हापुढे भिंतीचा काही इलाज चालत नाही.

हे घर आपल्याकडून थोडी शिस्त मागतं. सकाळी सातला सगळ्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले. रात्री बाहेरचा पारा आतल्याच्या खाली गेला की उघडायच्या, मे महिन्यात ती वेळ नऊ-साडेनऊला येते. सगळ्या खिडक्यांना डासांची जाळी लावून घेतली, नाहीतर रात्रीचा वारा घेताच आला नसता. पाहुणे येतात आणि दुपारी बाराला "किती कोंदट आहे" म्हणत खिडकी उघडतात. मग संध्याकाळपर्यंत आत आलेली ती गरमी बाहेर निघत नाही, कारण जी भिंत ऊन बाहेर ठेवते तीच आतली उष्णता आतही ठेवते. म्हणून स्वयंपाकघरात चांगला एक्झॉस्ट पंखा हवाच. पहिल्या पावसाळ्यात आम्ही खिडक्या बंद ठेवल्या तर आईच्या कपाटामागे बुरशीचा वास आला. नव्या काँक्रीटमधला ओलावा अजून निघत होता. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, रोज दोन तास खेळती हवा दिली, पुढच्या वर्षी वास नाही.

कूलर आम्ही काढलेला नाही. दुपारी दोन ते पाच लागतोच, ३५ काही थंड नव्हे. पण पूर्वी दिवसभर, रात्रभर चालायचा आणि रोज चार-पाच बादल्या पाणी प्यायचा. आता एका बादलीत दिवस निघतो. महानच्या धरणातून, काटेपूर्णेचं, इतक्या लांबून येणारं ते पाणी आहे. ते वाचलं याचं मला विजेपेक्षा जास्त समाधान आहे. आईच्या खोलीत दीड टनाचा एसी आहे, फार उकाड्याच्या रात्री दोन-तीन तास लावतो. जुन्या घरात तोच एसी पहाटेपर्यंत धापा टाकत चालायचा, कंप्रेसर बंदच व्हायचा नाही. इथे वीस-पंचवीस मिनिटांत खोली निवते आणि कंप्रेसर थांबतो. लाइट गेली तरी दोन-अडीच तास खोलीत बसवतं. मे महिन्याचं महावितरणचं बिल जुन्या घरात ६१० युनिटचं आलं होतं, इथे पहिल्या वर्षी २९०, दुसऱ्या वर्षी ३०५. माणसं तीच, सामान तेच. पाचशेच्या वरच्या दरातून खाली आलो, त्यामुळे रक्कम निम्म्याहून बरीच कमी झाली.

खर्च लपवत नाही. विटांच्या बाहेरच्या भिंतींच्या मानाने या भिंतींना १ लाख ४० हजार जास्त लागले. त्यातले २८ हजार नुसते ट्रकचे. माल हलका पण जागा खाणारा, ट्रक म्हणजे हवेनेच भरलेला. छताच्या फोमचे आणि वरच्या कामाचे ६५ हजार वेगळे. वर्षाचा विजेचा फायदा १३-१४ हजारांचा धरला तर पैसे वसूल व्हायला १५ वर्षं. फक्त पैशाचा हिशेब करणाऱ्याला हे पटणार नाही, आणि त्याला पटावं म्हणून मी आकडा वाकवणारही नाही. मला सलाइनच्या बाटल्यांचा हिशेब कुठल्याच रकान्यात मांडता आला नाही.

लहान तक्रारी आणखी दोन. भिंतीतल्या दुहेरी जाळीमुळे मोबाइलची रेंज आतल्या खोलीत पडते. वायफायचा डबा हॉलमध्ये ठेवून भागेना, दुसरा मागे लावावा लागला. आणि जोत्याजवळ एका जागी पाइपभोवती फोम उघडा राहिला होता, तिथे काळ्या मुंग्यांनी घर केलं. पांढरा भुगा खाली सांडलेला दिसला म्हणून कळलं. सिमेंटने बुजवलं, थांबलं. भिंत वाजवली की बद्द आवाज येतो, विटेसारखा टणक येत नाही, त्याची मात्र सवय होते. मागच्या जूनमध्ये मृगाच्या आधी जे वादळ आलं त्यात समोरच्या घराचे पत्रे गेले. आमच्या भिंतीला ओरखडा नाही. मिस्त्री दुसऱ्या दिवशी मुद्दाम येऊन घराभोवती एक फेरी मारून गेला.

बजेट कमी असेल तर मी काय सांगते? एएसी ब्लॉक. हा हवा भरलेला हलका काँक्रीटचा ठोकळा, १९२०च्या दशकात स्वीडनमध्ये निघालेला, आता आपल्याकडे तालुक्याच्या गावीही मिळतो आणि कुठलाही गवंडी बांधू शकतो. आठ इंची एएसी भिंतीचं यू-मूल्य ०.७ ते ०.८ च्या घरात येतं, म्हणजे विटेपेक्षा कितीतरी बरं आणि पॅनेलच्या जवळपास. वर फोम घातलेलं पांढरं छत करा. फवारणीची नीट माणसं तुमच्या भागात नसतील तर मी डोळे झाकून हेच करायला सांगेन. आणि घर आधीच बांधलेलं असेल तर ते पाडू नका. दिरांना मी आता छतावर फोम आणि पांढरी फरशी करायला लावलीय, पश्चिमेच्या भिंतीपुढे बांबूचा मांडव घालून त्यावर गुळवेल आणि कृष्णकमळ चढवलंय. पुढच्या मे महिन्यात रात्री अकराला तिथे पुन्हा थर्मामीटर ठेवणार आहे.

ज्यांच्या घरात म्हातारी माणसं, तान्ही बाळं आहेत आणि गाव विदर्भ-मराठवाड्यातलं आहे, त्यांनी पॅनेलचा जरूर विचार करावा. कोकणात, जिथे रात्रही दमट आणि भिंत सतत ओली, तिथलं मला सांगता येणार नाही, मी तिथे राहिलेले नाही.

धाकटी नणंद मूर्तिजापूरला घर काढतेय, दिवाळीनंतर. तिने पॅनेल पक्की केली आहेत. माल उतरला की जोत्याच्या सळ्या मोजायच्या, खिडक्यांच्या कोपऱ्यांतल्या तिरप्या पट्ट्या एक-एक करून बघायच्या, आणि ते सगळं झाल्याशिवाय सही करायची नाही, एवढं तिला वहीत लिहून दिलंय. फवारणी सुरू होईल त्या दिवसांसाठी मी शाळेत रजेचा अर्ज देऊन ठेवलाय. खूण केलेला तो खिळा अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, तो बरोबर नेईन.